दाब, धर, सोड

पेडल खाली गेलं. ओल्या मातीत पाय रुतत जावा तसं, कसलाही आवाज न करता ते माझ्या चपलेखालून गेलं आणि तळाला टेकलं. मी पाय तसाच ठेवला. समोरच्या काचेवर धुकं बसलं होतं, आरशाला अडकवलेली जपमाळ जराशी हलत होती आणि बॉनेटवर आमचा कोंबडा येऊन उभा होता, जणू गाडी त्याच्याच नावावर आहे. "धरलंस का?" खालून, उजव्या चाकाजवळून लाकायचा आवाज आला. "धरलंय," मी म्हटलं. "कसं लागतंय?" पायाला जे कळलं होतं ते तोंडात यायला वेळ लागला. "मऊ आहे," मी म्हटलं. "अजून मऊच आहे." खाली पाना फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

लाकाय म्हणजे म्हातारा. त्याचं खरं नाव क्रिस्पुलो, पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी त्याला लाकाय म्हणायला लागले आणि तो मला बाकेत, म्हणजे म्हातारी. आमच्या इलोकानो लोकांत सगळ्याच जोड्या असं म्हणतात. तेव्हा दोघांचे केस काळेभोर होते आणि ती हाक ही थट्टा होती. थट्टा कधी संपली ते मला आठवत नाही. असं काही एका दिवसात होत नसावं. फिलिपिन्सच्या डोंगरातल्या बागियोच्या या चढावर आम्ही घर बांधलं तेव्हा अंगण असं नव्हतंच, डोंगर कापून एक जीप उभी राहील एवढी जागा त्यानेच केली. आधी गाडीची जागा केली आणि मग घराची, असं मी पाहुण्यांना सांगायचे आणि तो हसायचा. त्या जागेत आधी त्याची जीपनी, म्हणजे पॅसेंजर वाहणारी लांब जीप, उभी राहायची. ती गेली, परवाना गेला, आणि मग त्याने सुटे भाग जमवून ही स्टेनलेसच्या पत्र्याची छोटी जीप उभी केली. हिच्यातलं काहीही हिचं स्वतःचं नाही. इंजिन एकाचं, गिअर दुसऱ्याचे, सीट तर एका बंद पडलेल्या सलूनच्या खुर्च्यांच्या आहेत. पण ब्रेकच्या बाबतीत त्याने कधी तडजोड केली नाही. ब्रेकला तो हात लावायचा तेव्हा मला हाक मारायचा, कारण या कामाला दोन माणसं लागतात. एक खाली चाकाशी आणि एक वर, पेडलवर.

मला गाडी चालवता येत नाही. कधी शिकलेच नाही, त्यानेही शिकवलं नाही. ड्रायव्हरच्या बायकोला ड्रायव्हिंग कशाला, असं तो म्हणायचा आणि मलाही ते पटायचं. पण पेडल दाबायला मी या डोंगरावरच्या कुठल्याही माणसापेक्षा चांगली आहे. दाब, म्हणाला की तीनदा दाबायचं. धर, म्हणाला की पाय खाली रोवून धरायचं. मग तो खाली निप्पल, ब्रेकला असलेला पोकळ स्क्रू, सैल करतो, नळीतून तेल आणि हवा जिनच्या रिकाम्या बाटलीत फुसफुसत येते, पाय खाली जातो, तो निप्पल आवळतो आणि म्हणतो, सोड. त्याच्या आधी सोडायचं नाही. आधी सोडलंस तर बाहेर गेलेली हवा परत आत येईल, आणि हवा एकदा आत बसली की ती पेडलला स्पंज करते, असं त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं होतं. आम्ही एकमेकांना दिसत नसतो. तो चाकाआड, मी स्टिअरिंगच्या मागे. कित्येकदा तर भांडण झालेलं असायचं, दोन-दोन दिवस अबोला असायचा, पण ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली की तो दाब म्हणायचा आणि मी दाबायचे. मारिव्हिक, आमची मुलगी, पोटात होती तेव्हासुद्धा मी दाबलंय. आमच्या संसारात सर्वांत जास्त वेळा बोलले गेलेले शब्द कुठले असं कोणी विचारलं तर मी हेच तीन सांगेन.

"तेल खराब दिसतंय," खालून तो म्हणाला. "दुकानदाराने जुनं दिलं मला. बघून घेतो त्याच्याकडे."

"बुडबुडे येतायत का?" मी विचारलं.

"नाही ना. तेल काचेसारखं येतंय. एक बुडबुडा नाही."

"मग हवा गेली असेल."

"हवा गेली असेल तर पेडल मऊ कसं, बाकेत?" तो चिडून म्हणाला. "तू नीट दाबतेस का? म्हातारी झालीस, पायात जोर राहिला नाही तुझ्या."

"माझ्या पायात जोर आहे. हवं तर खाली येऊन तुला दाखवते."

तो हसला. त्या हसण्याने मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर भीतीही वाटली. हल्ली हे असंच होतं. तो नेहमीसारखा वागला की मला हायसं वाटतं आणि लगेच मनात येतं, हायसं वाटण्याची गरज का पडावी? उद्या रविवार. खाली समुद्राजवळ मारिव्हिकच्या धाकट्याचा बाप्तिस्मा आहे. तिची मोठी मुलगी, आमची तिंतिन, शाळेसाठी आमच्याकडे राहते. तिलाही न्यायचं आहे. केळीच्या पानात बांधलेला चिकट भात मी सकाळीच उकडून ठेवला, तिंतिनचा पांढरा झगा इस्त्री करून दारामागे टांगला. सगळं तयार आहे. नागिलियानचा रस्ता उतरायचा, वळणावर वळणं घेत, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. मी आडून आडून बसचं काढलं होतं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी विषय बदलला. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं त्याने, बसमध्ये मागे बसणं त्याच्या हिशेबात नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीत शेजारच्या सीटवरसुद्धा तो बसत नाही. त्याचा भाऊ एकदा नवी गाडी घेऊन आला तेव्हाही बसला नाही. "त्या बाजूला मी एकदाच जाईन," तो म्हणाला होता, "आणि तेव्हा बसलेला नसेन, आडवा असेन." सगळे हसले. मीही हसले.

गेल्या महिन्यात तो तांदूळ आणायला गेला आणि दोन तास आला नाही. मग जीपनीच्या स्टँडवरून फोन आला. तिथे गाड्यांचे नंबर लावणारा माणूस जुना ओळखीचा. "मनांग रुफिना," तो मला म्हणाला, मोठ्या बहिणीला म्हणावं तशा आदराने, पण त्याला हसू आवरत नव्हतं, "मनोंग क्रिस्पुलो रांगेत गाडी लावून बसलाय. पुढची गाडी सरकली की हा पण सरकतो. थट्टा करतोय आमची. पोरं हसून हसून बेजार झालीत." मी म्हटलं, त्याला थट्टेची सवयच आहे. घरी आला तेव्हा तांदूळ नव्हता. आज पॅसेंजर फार नव्हते, तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. मी पानावर भात वाढला, सुकी मासळी वाढली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले की आता हसेल, आता म्हणेल की फसवलं तुला. तो जेवला आणि झोपला. मी कोणालाही काही सांगितलं नाही. मारिव्हिकलाही नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं असं काहीतरी माझ्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी तो इतका नेहमीसारखा होता, माझ्या कॉफीला नावं ठेवत होता, की मी ठरवलं, ती थट्टाच होती.

तो डाव्या चाकाशी गेला. पुन्हा तेच. दाब, धर, पेडल तळाला, तेल स्वच्छ, सोड. पुन्हा उजव्या चाकाशी. तिसऱ्यांदा तेलाची बाटली उघडली तेव्हा मी म्हटलं, कॉफी करते, आणि खाली उतरले. तो चाकाच्या जागेशी उकिडवा बसला होता, पाठ माझ्याकडे, बनियनवर घामाचा डाग. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली होती. कॅलिपर, म्हणजे चाक आवळून धरणारे ब्रेकचे जबडे, त्याने काल सकाळी बसवले. मी तेव्हा बाजारात होते. सरप्लसच्या दुकानातले, वापरलेले पण चांगले, घासून चकचकीत केलेले. मी आल्यावर त्याने मला अभिमानाने बोलावून दाखवलेही होते, पण माझ्या हातात पिशव्या होत्या आणि मी नीट पाहिलं नाही. आता पाहिलं. निप्पल, ते एवढंसं तोंड जिथून हवा बाहेर यायची, ते खाली होतं. कॅलिपरच्या बुडाशी, जमिनीकडे तोंड करून. मी उभ्या उभ्याच मान वळवून डावीकडचा पाहिला. तिथेही खाली. डावा उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे.

लग्न नवं होतं तेव्हा त्याने मला हे पाण्याच्या बाटलीने शिकवलं होतं. अर्धी भरलेली बाटली आडवी केली, उलटी केली. बघ, तो म्हणाला, कशीही धर, हवा वरच जाते. हवा हट्टी असते, तुझ्या आईसारखी. म्हणून निप्पल कायम वर हवं. खाली असेल तर जन्मभर तेल काढत बस, तेलच येईल, हवा वर आरामात बसून राहील. हे त्याने मला सांगितलं, नंतर स्टँडवरच्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगितलं, जेवताना सांगितलं, मारिव्हिकच्या लग्नात जावयाला बाजूला घेऊन सांगितलं. आम्ही सगळे कंटाळलो होतो त्या बाटलीला. आणि आता तो तिथे बसून त्या खाली तोंड केलेल्या निप्पलला नळी जोडत होता, पुसत होता, बोटाने चाचपत होता आणि त्याला ते दिसत नव्हतं. डोळे तर चांगले आहेत त्याचे. समोरच्या डोंगरावरच्या बकऱ्या मोजतो तो.

मी वळले. आत गेले, चुलीवर पाणी ठेवलं. तेवढ्यात मनात एक विचार आला आणि तो मला फार आवडला. पेडल मऊ आहे तोवर जीप अंगणातून हलणार नाही. मऊ पेडलवर तो उतरणार नाही, ही एक गोष्ट मला पक्की माहीत होती. मी गप्प बसायचं. तो संध्याकाळपर्यंत तेलाला शिव्या देईल, मास्टर सिलिंडर गेला म्हणेल, आणि उद्या सकाळी नाइलाजाने आम्ही तिघं बसने जाऊ. त्याचा मान राहील, कारण दोष तेलाचा असेल. तिंतिन खिडकीशी बसेल. मला कोणाला काही सांगावं लागणार नाही. पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी पाहू. मी कॉफीत जास्त साखर घातली, त्याला आवडते तेवढी, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या चुकीवर माझं प्रेमच बसलं म्हणा ना.

कॉफी घेऊन आले तर तो स्टिअरिंगवर बसला होता. पेडल दाबत होता. एकदा तळाला गेलं. भराभर दोनदा मारलं आणि धरलं. चेहऱ्यावर समाधान होतं. "बघ बाकेत," तो म्हणाला, "दोनदा मारलं की लागतो. चाकं चढवतो आता. उद्या सावकाश उतरू. मला रस्ता पाठ आहे. वळणाच्या आधीच मारून ठेवायचं, की झालं."

कप माझ्या हातातच राहिला. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अगदी असंच, दोनदा मारलं की लागतो. डेल्फिन म्हणाला होता ते, स्टँडवर, मी लाकायचा डबा घेऊन गेले होते तेव्हा. डेल्फिन त्याचा जिवलग, आमच्या लग्नात त्याच्या बाजूने उभा राहिलेला. त्या सकाळी लाकायने त्याच्या जीपनीत पाय घालून पेडल दाबलं आणि सरळ किल्ली काढून खिशात टाकली. सगळ्यांसमोर भांडण झालं. तू बाप लागतोस का माझा, डेल्फिन म्हणाला. लाकाय म्हणाला, आत बसलेल्या लोकांचा लागतो. किल्ली दिली नाहीच. पण डेल्फिनकडे दुसरी किल्ली होती. लाकाय गाडी भरून निघून गेल्यावर त्याने ती लावली. तिसऱ्या वळणावर पॅसेंजर उड्या टाकून वाचले, तो राहिला. शवपेटी उचलताना लाकाय पुढे होता. त्यानंतर कितीतरी वर्षं तो झोपेत उठून म्हणायचा, दुसरी किल्ली विचारायला हवी होती. मी त्याला पाठीवर थोपटून निजवायचे. त्याच तोंडातून आता ते वाक्य आलं होतं, आणि माझ्या काळजात चर्र झालं ते त्या वाक्यासाठी नव्हे. बोलताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, यासाठी झालं. मी त्या मऊ पेडलवर विसंबले होते. पण मऊ पेडलवर न उतरणारा माणूस कोण होता आणि आता स्टिअरिंगवर कोण बसलं होतं? गप्प राहून मी तिंतिनला कोणाच्या हवाली करत होते?

"डेल्फिन हेच म्हणाला होता," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डेल्फिन त्याला आठवत होता. तेवढं लगेच दिसलं. तोंडावरचं समाधान उतरलं आणि पाय पेडलवरून असा निघाला जणू ते तापलं होतं.

"उतर खाली," मी म्हटलं. "तुला काहीतरी दाखवायचंय."

तो उतरला. मी चाकाच्या जागी वाकले आणि बोट दाखवलं. "निप्पल कुठे आहे बघ."

तो उकिडवा बसला. बघत राहिला. मग डावीकडे गेला, तिथे बघितलं, परत उजवीकडे आला. धुकं आता अंगणात उतरलं होतं आणि त्याच्या भुवयांवर बारीक थेंब जमले होते. मला वाटलं, आता कपाळाला हात लावेल, स्वतःला शिवी देईल, म्हणेल बघ म्हातारा झालो, घाई केली. मी त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. होतं असं कधीकधी, कोणाच्याही हातून होतं. मला तेवढंच हवं होतं. चूक हवी होती. चूक माणसाची असते, ती दुरुस्त करता येते.

त्याने मान वर केली. डोळ्यांत राग होता, अगदी खरा, जुना. "कुठल्या गाढवाने बसवलेत हे?" त्याने विचारलं. "डावा उजवीकडे घातलाय. माणूस मेला असता. कोणी हात लावला माझ्या गाडीला?"

मी तिथेच दगडावर बसले. कोंबडा बॉनेटवरून उडी मारून आमच्यामध्ये आला आणि काहीतरी टिपायला लागला. खोटं बोलणं किती सोपं होतं. दुकानातला माणूस आला होता म्हणाले असते, जावई येऊन गेला म्हणाले असते. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या, कॅलिपर बदलले असते, आणि उद्या सकाळी पांढऱ्या झग्यातल्या पोरीला मागे बसवून तो निघाला असता. पेडल दगडासारखं लागलं असतं. तिसऱ्या वळणावर त्याला वाटलं असतं की मागे पॅसेंजर आहेत, की स्टँडवर परत जायचंय, की हा रस्ताच कुठला. ब्रेक चांगले असते. ब्रेक दाबायचा असतो हे आठवायला मात्र तोच एकटा असता.

"तू," मी म्हटलं. "तूच बसवलेस, लाकाय. काल सकाळी. मी बाजारात गेले होते. आल्यावर मला दाखवलेस."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी थट्टा करते आहे का ते शोधत होता. मी त्याच्याकडे असंच पाहिलं होतं, त्या तांदळाच्या दिवशी, म्हणून मला ते नीट ओळखता आलं. मग त्याने आपले हात पाहिले. तळवे, मग उलटे करून बोटं. नखांत काळं होतं, कालचंही असेल, आजचंही. "मी," तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही आणि कबूल केल्यासारखंही नाही. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण आमच्यात तशी रीत नाही, आणि त्याने आधीच पाना उचलला होता.

पुढचं काम त्याने सुरेख केलं. हेच मला सोसवत नव्हतं. हातांना सगळं येत होतं. नळ्या सुटल्या, तेल सांडू नये म्हणून टोकाला चिंधी लागली, दोन्ही कॅलिपर निघाले, त्याने ते फरशीवर शेजारी शेजारी ठेवले, बोट लावून पुटपुटला, हा डावा, हा उजवा, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो पुन्हा म्हणाला, हा डावा? मी म्हटलं, हो, डावा. आयुष्यात त्याने मला गाडीतलं काही विचारण्याची ती पहिली वेळ. मग मी वर जाऊन बसले आणि आम्ही सुरू झालो. दाब. धर. यावेळी नळीत फसाफस बुडबुडे आले, ते मला आवाजावरूनच कळलं. सोड. दाब. धर. सोड. पेडल प्रत्येक वेळी थोडं वर थांबत गेलं. दोघांपैकी कोणी दुसरा शब्द बोललं नाही. खालच्या चर्चची घंटा झाली, तिंतिन शाळेतल्या नाचाच्या सरावाहून यायची वेळ झाली, आणि पायाखाली पेडल घट्ट झालं. जमिनीवर पाय ठेवावा तसं. "लागलं," मी म्हटलं. माझ्या आवाजात आनंद नव्हता आणि त्याने तो ऐकायची वाटही पाहिली नाही.

त्याने चाकं चढवली, नट आवळले, हत्यारं पुसून एकेक डब्यात ठेवली. नळावर साबणाची पावडर घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, फार वेळ धुतले. मी सीटवरून सरकायला लागले, नेहमीसारखी, कारण यानंतर तो येऊन बसतो, एकदा स्वतः दाबून बघतो आणि मग एक चक्कर मारून आणतो. तो आला. माझ्या दाराशी थांबला. मग पुढून वळसा घालून पलीकडे गेला, तिकडचं दार उघडलं, खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवली आणि त्या बाजूला बसला. दार ओढून घेतलं. सलूनच्या खुर्चीची ती सीट त्याच्या वजनाने कुरकुरली, तिच्यावर त्याने कधी बसूनच पाहिलं नव्हतं.

"मला चालवता येत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"दुसरी किल्ली कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बनियनच्या आत हात घातला, गळ्यातल्या दोरीत क्रुसाशेजारी ओवलेली ती किल्ली काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. काचेपलीकडे काहीच दिसत नव्हतं, ना रस्ता, ना फाटक. वाटेवरून तिंतिनचं गाणं ऐकू येत होतं, जवळ येत होतं. तो सरळ समोर बघत बसला होता, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या पॅसेंजरसारखा.

"दाब," तो म्हणाला.

मी दाबलं.

"धर."

मी धरून बसले.